माझ्यासमोर घेते

आरू,

भेटायला येणारं प्रत्येक माणूस एकच शब्द बोलतं. अचानक. तेरा वर्षांची पोर, दिवाळीला आईकडे गेली आणि अचानक गेली. मी मान हलवते आणि चहा टाकायला आत जाते. तुझे काका बाहेर बसून राहतात. मनमाडची सकाळची गाडी त्यांनी पंधरा दिवस धरलेली नाही, साहेबांनीच रजा वाढवून दिली. लोक गेले की ते म्हणतात, "खरंच गं, असं अचानक." त्यांच्यापाशीही मी मान हलवते.

अचानक नव्हतं, आरू. तुझ्या श्वासाने जूनमध्येच सांगितलं होतं. मशीनने ते छापून दिलं होतं. तो कागद माझ्या हातात होता.

तू आमच्याकडे नाशिकला आलीस तेव्हा अकरा वर्षांची होतीस. लासलगावला तुमचं घर कांद्याच्या खळ्याला लागून. उन्हाळ्यात टरफलं उडून अंगणात, पाण्याच्या पिंपात, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसायची. तुला तान्हेपणापासून इसब आणि चौथ्या वर्षापासून दमा. मी ज्या मॅडमकडे काम करते, त्या लहान मुलांच्या दम्याच्या डॉक्टर. त्या ताईला, तुझ्या आईला म्हणाल्या, "हिला या धुळीतून बाहेर काढा." ताई माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "माझ्याकडे राहू दे." आम्हाला मूल नाही, हे कुणी बोललं नाही. पण खोलीत सगळ्यांना ते ऐकू आलं असावं. दाजी, तुझे दादा, खाली बघत म्हणाले, "तुमच्याकडं राहिली तर आम्हाला घोर नाय."

तुझी पहिली तपासणी मीच केली. तू खुर्चीच्या अगदी कडेवर बसली होतीस, बाह्या मनगटापर्यंत ओढून. मी नेहमीचं बोलले, "खोल श्वास घ्यायचा आणि या नळीत हळूहळू सोडायचा. फुगा फुगवतो तसं नाही, गरम दुधावर फुंकर घालतो तसं. पडद्यावरचा ढग या दोन रेघांच्या मधे राहिला पाहिजे."

"ढग खाली पडला तर?"

"तर परत करायचं."

तुझा ढग तीनदा पडला. चौथ्यांदा राहिला. मग तू विचारलंस, "यातून काय कळतं?" मी सांगितलं की श्वासनळ्यांना आतून सूज असली की सोडलेल्या श्वासात एक वायू जास्त येतो, तेवढा हे मशीन मोजतं. तू बाही वर केलीस आणि कोपराच्या खोबणीतली लाल, सोललेली कातडी मला दाखवलीस.

"म्हणजे अशी खाज मला आतून पण येते?"

इतकी वर्षं हे काम करते, पालकांना समजावून सांगते, पण इतकं नेमकं मला कधी सुचलं नव्हतं. "तसंच समज," म्हटलं. आकडा बासष्ट आला होता. तुझ्या वयाला पस्तिसाच्या वर गेला की आम्ही कागदावर लाल खूण करतो.

पहिले तीन महिने मी तुला पंप हातात देत होते. सकाळी आणि रात्री, सूज उतरवणारा केशरी पंप, दोन दोन वेळा, मग गुळण्या. समोर उभी राहायचे. तू डोळे फिरवायचीस, पण घ्यायचीस. रोज आंघोळीनंतर तुझ्या हातापायांना मलम चोपडायचे आणि तू भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत पाढे म्हटल्यासारखी भाषणं म्हणायचीस. तीन महिन्यांनी आकडा चोवीस आला. मॅडमनी कागद तुझ्याच हातात दिला. त्या संध्याकाळी आपण दोघींनी रस्त्यावर उभं राहून भेळभत्ता खाल्ला. तू हिरवी मिरची चावलीस, तोंड उघडं टाकून उड्या मारत होतीस, आणि हसताना तुला खोकला आला नाही. मी ते मुद्दाम ऐकलं. तुझ्या हसण्यातही मी खोकला शोधत असायचे, आरू. तुला हे कळत होतं, असं आता वाटतं.

मग मी म्हटलं, "आता मोठी झालीस, तुझं तू घे." शाळा तुझी दुपारची. मी साडेआठला निघायचे, तेव्हा तू अजून पांघरुणात असायचीस. रात्री मी स्वयंपाकघरातूनच विचारायचे, "पंप झाला?" तू आतून म्हणायचीस, "झाला." दीड वर्ष एवढंच चाललं. झाला? झाला.

तुझा आवाज हे तुझं खरं वेड. आठ मिनिटांचं भाषण तू पाणी न पिता म्हणायचीस. आंतरशालेय स्पर्धेला 'मी गोदावरी बोलतेय' असा विषय आला तेव्हा तू वैतागली होतीस. "सगळ्या मुली नदी होऊन रडणार मावशी. मी नाही रडणार. मी ओरडणार." आणि ओरडलीस. बाह्या ओढलेल्या, माइक दोन्ही हातांनी धरलेला, आणि तो एवढासा जीव सगळ्या हॉलवर खेकसत होता की माझ्यात काय काय टाकता ते घरी नेऊन पिऊन दाखवा. दुसरा नंबर आला. परत येताना रिक्षात तू म्हणालीस, "परीक्षक झोपले होते." मी म्हटलं, "तुझ्या आवाजाने कोण झोपेल?" तू खूश झालीस. पण लगेच गळ्याला हात लावून म्हणालीस, "शेवटी फाटला ना आवाज? पंपाने फाटतो माझा आवाज. सकाळी घेतला की दिवसभर घोगरा येतो."

आठवतं, मी काय उत्तर दिलं? "गुळण्या नीट करत जा." दिवसाला दहा आयांना मी हेच सांगते. तेच तुलाही सांगितलं आणि रिक्षावाल्याला डावीकडे घ्यायला लावलं. मॅडमना विचारलं असतं तर त्यांनी औषध बदललं असतं, मात्रा बदलली असती, पंपाला जोडायची मोठी नळी परत सुरू केली असती. ती नळी तू शाळेतल्या मैत्रिणींसमोर लाज वाटते म्हणून बंद केली होतीस. मी काहीच विचारलं नाही. तू मला तुझं कारण सांगितलं होतंस, आरू. मी ते तक्रार म्हणून ऐकलं.

जूनमध्ये शाळा सुरू होताना परत तपासणी केली. आता तू सराईत होतीस. ढग एकदाही पडला नाही. आकडा अठ्ठावन्न. मला वाटलं मशीन बिघडलं. परत केलं. सत्तावन्न.

मॅडमनी तुझी छाती तपासली. छाती साफ होती. दुसरी फुंकायची तपासणीही बरी होती. तुझ्या दोन्ही मनगटांवर मात्र इसब उसळलेलं. मॅडमनी कागद खाली ठेवला आणि पहिला प्रश्न तोच विचारला, जो अशा वेळी विचारायचा असतो.

"पंप रोज घेते ना?"

त्यांनी तो तुला विचारला होता. तू माझ्याकडे पाहिलंस. आणि मी म्हटलं, "हो मॅडम. माझ्यासमोर घेते."

का म्हटलं? आता रोज विचारते स्वतःला. खोटं बोलायचं असं काही ठरवलं नव्हतं. तोंडातून गेलं. मी त्या खोलीत बसून आयांना सांगते, पोरांच्या 'झाला'वर विश्वास ठेवू नका, पंपाच्या मागे उरलेल्या मात्रांचा आकडा असतो, तो बघा. आणि माझ्याच घरातल्या पोरीच्या पंपामागचा आकडा मी दीड वर्षात बघितला नव्हता. ते मॅडमसमोर कबूल करायची मला लाज वाटली. बस, एवढंच. त्याहून मोठं कारण माझ्याकडे नाही.

मॅडम म्हणाल्या, "मग त्वचेमुळे असेल. इसब असलेल्या मुलांचा आकडा कधीकधी चढा राहतो. औषध तेच ठेवू, मलम बदलू. दोन महिन्यांनी परत बघू." त्यांच्या हातात जी माहिती होती तिच्यावर त्यांनी बरोबर निर्णय घेतला. माहिती मी दिली होती.

बाहेर आल्यावर तू माझा हात धरलास. कधी धरायची नाहीस, तळहात खरखरीत लागतात म्हणून. मला वाटलं, आकडा वाढला म्हणून घाबरलीस. मी म्हटलं, "काही नाही गं, त्वचेचं आहे." तू काहीतरी बोलणार होतीस. मला बसस्टॉपवर तुझा चेहरा नीट आठवतो, ओठ उघडलेले. मग बस आली.

तू तेव्हा सांगितलं असतंस तर मी रागावले असते. हेही खरंच आहे. म्हणूनच तू सांगितलं नाहीस.

दोन महिन्यांची तपासणी राहिली. आधी चाचणी परीक्षा होती, मग स्पर्धा, मग मीच म्हटलं, दिवाळी होऊ दे. सहामाही संपली त्या दिवशी तुझ्या दप्तरात मला निळा पंप सापडला. अडचणीच्या वेळी घ्यायचा तो, महिनोन्महिने पुरायला हवा. तो जवळजवळ रिकामा होता. तो वारंवार घ्यावा लागतोय, याचा अर्थ मला चांगला माहीत होता. मी दारातच तुला धरलं.

"हा कधीपासून घेतेस?"

"लागला की घेते."

"किती वेळा लागतो? मला का नाही सांगितलं? उद्याच तपासणी करू."

"उद्या दादा न्यायला येणार आहेत."

"दाजींना फोन करते, परवा या म्हणते."

तेव्हा तू दप्तर खाली टाकलंस. "मावशी, मी तुझ्या घरात राहते का तुझ्या दवाखान्यात? खोकले की तू घड्याळ बघतेस. हसले की कान लावतेस. तुला मी आवडते का माझा आकडा आवडतो?"

"तोंड सांभाळून बोल आरू."

"चोवीस आला तेव्हा भेळ खाऊ घातलीस. दुसरा नंबर आला तेव्हा काय खाऊ घातलंस?"

मी रागावले, मोठ्याने, लोकांच्या पोरी सांभाळायच्या आणि वर हे ऐकायचं असं काहीतरी बोलले. "लोकांच्या पोरी" हा शब्द मी वापरला. तू तो ऐकलास. काका आले तेव्हा आपण दोघी दोन खोल्यांत होतो. दुसऱ्या दिवशी दाजी आले, तू वाकून नमस्कार केलास, माझ्या पायांना हात लागला नाही, आणि गेलीस. मी दाजींना थांबवलं नाही. नवा निळा पंप पिशवीत टाकला, केशरी आहे का विचारलं, तू म्हणालीस, "आहे."

पाडव्याला तुझा फोन आला, काकांच्या फोनवर. काकांनी विचारलं, "मावशीला देऊ?" तू म्हणालीस, "जवळ आहे का ती? बरं, असू दे." मी भाकरी थापत होते. हात पिठाचे आहेत, हे निमित्त मला पुरलं.

भाऊबीजेनंतर बाजार समिती उघडली, खळ्यांवर काम सुरू झालं. त्या सकाळी अकराला ताईचा फोन आला. मी एका सहा वर्षांच्या मुलीला नळी तोंडात कशी धरायची ते दाखवत होते.

"वैशे, आरूला लय दम लागलाय. तिला बोलताच येऊ नाय राहिलं."

"निळा पंप दिला?"

"चारदा दिला. उतरू नाय राहिलं."

"फोन तिच्या कानाला लाव."

तू "मावशी" म्हणायचा प्रयत्न केलास. "माव" झालं, मग श्वास, मग "शी". आठ मिनिटं एका दमात बोलणारी माझी पोर. मी ताईला ओरडून सांगितलं, देत राहा, बसवून ठेव, झोपवू नको, गाडी काढा, थांबू नका. लासलगावच्या दवाखान्यात तुला ऑक्सिजन लावला, वाफेतून औषध दिलं, सुई दिली, आणि अ‍ॅम्ब्युलन्समधून नाशिकला पाठवलं. इकडे मॅडमनी मोठ्या रुग्णालयात बोलून सगळं तयार ठेवलं. मी द्वारका चौकाच्या अलीकडे त्या रुग्णालयाच्या दारात उभी राहिले.

अ‍ॅम्ब्युलन्स दिसायच्या आधी मला तिचा सायरन ऐकू आला. चौकात ट्रक अडकलेला होता, चारी बाजूंनी गाड्या. सायरन जवळ आला आणि तिथेच थांबला. पुढे सरकेना. मी धावत चौकाकडे गेले, रिक्षांच्या मधून, हाताने गाड्या मागे सारत, लोकांना शिव्या देत. काही जण उतरून मदत करायला लागले, एका बाईने स्वतःची स्कूटर फुटपाथवर चढवली. वाट झाली. अ‍ॅम्ब्युलन्सचं मागचं दार आतून उघडलं तेव्हा दाजी तुझे पाय धरून बसले होते आणि आतला डॉक्टर तुझ्या छातीवर दोन्ही हातांनी दाबत होता. आपली पुन्हा नजरानजर झाली नाही.

रुग्णालयात त्यांनी पाऊण तास प्रयत्न केले. ते मी काचेतून पाहिले. मला त्यातलं सगळं समजत होतं. ताईला काहीच समजत नव्हतं, म्हणून ती मला विचारत होती, "वैशे, आता काय करू राहिले? आता काय?" मी तिला सांगत होते. शेवटचं मात्र मी नाही सांगितलं, ते डॉक्टरांनी सांगितलं.

दहावा करून मी नाशिकला परत आले. तुझा टेबलाचा खण उघडला. भाषणांचे कागद, त्याखाली केशरी पंपाची तीन खोकी. दोनांचं सील तसंच. मी दर दीड-दोन महिन्यांनी आणून द्यायचे, तू "थँक्यू मावशी" म्हणून घ्यायचीस. तिसरा उघडलेला. मागचा आकडा पाहिला. जेमतेम आठवड्याभराच्या मात्रा कमी झाल्या होत्या. तू ते फेकून दिले नाहीस. फेकले असतेस तर मला कधीच कळलं नसतं. मी तो खण इतक्या दिवसांत एकदा जरी उघडला असता तरी कळलं असतं.

कामावर जायच्या आधी मी मॅडमच्या घरी गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. मग म्हणाल्या, "पंप घेत असती तर नक्की वाचली असती, असं मी तुला म्हणणार नाही. ते कुणी म्हणू शकत नाही. पण तू नाही म्हटलं असतंस, तर मी त्या दिवशी तिला एकटीला आत बसवून घेतलं असतं." मग दारापर्यंत सोडायला आल्यावर, "तुझ्या शब्दावर मी कधी दुसरा प्रश्न विचारला नाही, वैशाली."

काल लासलगावला गेले. दाजी कामावर होते. ताई मागच्या दारात तांदूळ निवडत बसली होती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि जूनपासून सांगायला सुरुवात केली. आकडा काय असतो, तो का वाढला, मॅडमनी काय विचारलं, मी काय उत्तर दिलं. ताईचा हात ताटात फिरत राहिला.

"म्हंजी ती घेत नव्हती, हे तुला ठाव नव्हतं?"

"नव्हतं."

"मग व्हय कशाला म्हणली?"

"मला नाही म्हणायची लाज वाटली, ताई."

ती थांबली. तांदळातला एक खडा तिने चिमटीत धरला होता, तो तसाच. मी रडत होते. ती रडत नव्हती. मी म्हटलं, दाजी आले की त्यांनाही मीच सांगते, त्यांच्या पाया पडते.

"नगं," ताई म्हणाली. "त्यांना सांगू नको."

"का?"

"ते तुला माफ करतील. लगेच करतील, तसलंच माणूस हाय ते. मला ते बघवणार नाय."

मी उठले. ती दारापर्यंत आली नाही. गल्लीच्या टोकाला जाऊन मी मागे पाहिलं, तर ती तशीच बसलेली होती, ताट मांडीवर, आणि खळ्याकडून उडून आलेली टरफलं तिच्या पदरावर बसत होती. ती झटकत नव्हती.

तू विचारलं होतंस, आरू, मला तू आवडतेस का तुझा आकडा. तू गोदावरी होऊन ओरडलीस तेव्हा मी हॉलमध्ये मागच्या रांगेत उभी राहिले होते, बसवतच नव्हतं. त्या आठ मिनिटांत मी तुझा श्वास मोजला नाही. फक्त तुला ऐकलं. हे तुला त्या दिवशी दारात सांगायला हवं होतं. दोन वाक्यांचं काम होतं.

तुझी,
मावशी